एका ओढीत सुटणारी गाठ

सोनिवलीच्या हरिचंद्र भोईरानं आयुष्यात जेवढं उभं केलं, तेवढं कुठल्या राजानंही केलं नसेल. महाल, कमानी, मयूरासनं, एकदा तर बुरुजांसकट अख्खा किल्ला. पण दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात यायच्या आत त्यातलं काहीही जागेवर नसायचं. हरिचंद्र मांडववाला होता. बदलापुरापासून उल्हासनगरापर्यंत कुणाकडे हळद असो, बारसं असो, की अंबरनाथला बुद्धजयंतीचा कार्यक्रम असो, मैदानात पहिला बांबू त्याचा उतरायचा. लोक यायचे, जेवायचे, रडायचे, नाचायचे, आणि सकाळी अंगणाच्या मालकिणीला झाडू मारताना आठवावं लागायचं की कमान नक्की कुठं होती.

हा धंदा त्याला बापाकडून आला. बाप धर्मराज भाताची गिरण चालवायचा आणि उन्हाळ्यात लग्नाचे मांडव घालायचा. मरताना त्यानं गिरण थोरल्या रामभाऊच्या ताब्यात दिली आणि बांबू, कनाती, दोर धाकट्या हरिचंद्राला. त्याबरोबर एक नियमही दिला. मांडवात खिळा ठोकायचा नाही. गाठ मारायची, आणि तीसुद्धा अशी, की वजन कितीही पेलेल, पण टोक धरून एकदा ओढलं की सुटली पाहिजे. "अंगन लोकाचं, पोर लोकाची," म्हातारा म्हणायचा. "आपन आलू कवा नि गेलू कवा, भुईला कलता नये."

हरिचंद्रानं पन्नाशी ओलांडेपर्यंत हा नियम पाळला. मग त्याच्या मनात एक काटा रुतला, आणि तो रुतवला सुदामनं.

सुदाम त्याचा शाळेपासूनचा सोबती, धंद्यानं गवंडी. सोनिवलीत, बदलापुरात नव्या सोसायट्या उठत होत्या आणि सुदामच्या हाताला उसंत नव्हती. त्याच्या स्कूटरवर मागं बसून हरिचंद्र बाजारात निघाला की सुदामचं सुरू व्हायचं.

"ती बग, पिवली बिल्डिंग. तिसऱ्या माल्याची गॅलरी माझी. तो जिना दिसतंय? माझा. ती पान्याची टाकी..."

"पुढं बग रं, म्हशीवर घालशील."

"बगतंय. पन तू पन दाखव ना कायतरी. तुझं कं हाय रस्त्यात?"

सुदाम मग स्वतःच उत्तर द्यायचा. "खड्डं! बांबूचं खड्डं! त्यांत पन आता लोकांनी झाडं लावलीत."

दोघं हसायचे. हरिचंद्र घरी येऊन मात्र हसायचा नाही. बायकोला, काशीला, तो एकदा म्हणाला, "आपल्या हातचं एकतरी उभं रायला पायजे गं. सकाली उठून बगितलं तर जाग्यावर दिसंल असं." काशी तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं आणि पुढचा खडा वेचला.

आणि मग आला दोन हजार नऊचा ऑगस्ट. स्वाइन फ्लूची साथ. शाळा बंद, थेटरं बंद, दहीहंड्या रद्द. लोक तोंडाला रुमाल बांधून फिरायला लागले, बायका कापूर आणि वेलचीच्या पुरचुंड्या हुंगत भाजी घ्यायला लागल्या. गणपती बसले, पण मांडव घातले ते एवढे एवढे, गणपती आणि भटजी मावतील इतके. कुणी शिंकला तर चार माणसं रस्ता बदलायची. साथ हळूहळू ओसरली, दारं उघडली, थेटरांत पुन्हा पडदे वर गेले; पण माणसं मात्र एकमेकांपासून हातभर अंतर राखूनच उभी राहत होती. भीती ही हवेत असते तोवर बरी. ती एकदा अंगात मुरली की औषध नसतं.

सप्टेंबरात एका दुपारी यशोधरा त्याच्याकडे आली. अंबरनाथची, टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी, आणि ऑफिस सुटल्यावर नाटक. तिच्या मंडळात फॅक्टरीतले, बँकेतले, शाळेतले असे दहा-बारा जण. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला मंडळाचं एक नाटक असायचंच, आणि त्याचा मंच हरिचंद्र बांधायचा.

"हरिदादा, एक कनात द्याल का? मोठी. आमची तालीम बंद पडलीय."

"शाळेत करायचात ना तुमी?"

"शाळा उघडली, पण बाहेरच्यांना वर्ग देत नाहीत आता. त्यांचंही बरोबर आहे. आणि खरं सांगू? आमच्यातल्या चौघांना त्या वर्गात बसायचंच नाहीये. माझा भाऊ ऑगस्टमध्ये आठवडाभर हॉस्पिटलात होता. बरा झाला, चांगला झाला. पण घरातलं कुणी अजून एका खोलीत दार लावून झोपत नाही." ती हसली, पण रुमाल काढला नाही. "स्पर्धा डिसेंबरात आहे. कनात मिळाली तर मैदानात करू."

हरिचंद्राच्या डोक्यात काहीतरी वीज चमकावी तसं चमकलं. गिरण! बापाची गिरण सहा-सात वर्षं बंद होती. तिच्यात त्याचे बांबू पडलेले असत, बाकी जागा मोकळी. "कनात कनाला?" तो म्हणाला. "तुमाला जागाच देतू. पक्की. दोन आठवडं थांबा."

त्याच आठवड्यात तो उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये गेला, झालरींचं जरीकाम करून घ्यायला. हे काम भावना करायची. तिच्या हाताखाली सहा बायका एका खोलीत लाकडी चौकटीवर कापड ताणून टाके घालायच्या. त्या चौकटीला अड्डा म्हणतात. खोलीत आता भावना एकटीच बसली होती.

"बाकीच्या?"

"नवरे नाही बोलतात, हरीभाई. एवढ्याशा रूममध्ये सात जणी, गुडघ्याला गुडघा लावून. बीमारीच्या टायमाला बंद केलं, आता चालू करायची कोणाची हिंमत होत नाही. सीझन आलाय डोक्यावर. अपने को फक्त जागा पाहिजे."

"जागा हाय," हरिचंद्र म्हणाला. आता तर त्याला थांबवणं देवालाही शक्य नव्हतं.

एक माणूस मात्र थांबवू शकत होता. रामभाऊ. गिरणीच्या जमिनीवर एका बिल्डरचा डोळा होता, आणि रामभाऊचा होकार जवळजवळ झालाच होता.

"नाटकवाल्यांना देनार?" रामभाऊ खाटेवर उठून बसला. "बंद गिरन म्हंजे मेलेली म्हैस. तिला लोक बगायला येतील, दूध काढायला कोन येल?"

"येतील, दादा. तुझा कमलेश पन येल त्याची बेंजो पार्टी घेऊन. त्याला तरी घरात कुठं वाजवू देतस?"

कमलेश रामभाऊचा मुलगा, एका कारखान्यात कामाला, आणि हळदीच्या रात्री बेंजो वाजवायला बसला की पार चामटोलीपर्यंत ऐकू जायचा. रामभाऊनं कपाळावर हात मारला. दारात उभी असलेली त्याची बायको हसली. तिच्या हसण्यानं की काय, रामभाऊ थोडा निवला.

"बरं. दिवाली पवतर. लक्ष्मीपूजनाला आपन बाच्या इंजनाला दिवा लावतो ना? त्या टायमाला मी येन. तयां मानसं कामाला बसलेली दिसली तर गिरन रायली. रिकामी दिसली तर बिल्डरची. मग रडू नको."

"नाय रडनार."

हरिचंद्र कामाला लागला. सुदामला बोलावलं आणि म्हणाला, "पक्कं करायचं. असं, की माझ्यामागं पन उभं रायल." एका जुन्या प्रदर्शनाचं प्लायवूड त्याच्याकडे पडून होतं. गिरणीच्या भुईवर तीन खोल्या उठल्या. एक नाटकाला, एक जरीकामाला, एक बेंजोला. प्रत्येक खोलीला दार, दाराला कडी. छतसुद्धा घातलं. पिस्ता रंग दिला. आणि खिळे! जन्मभर ज्यानं खिळ्याला हात लावला नव्हता, त्यानं खिळे ठोकले ते दिवाळीतले फटाके लावावेत तशा हौसेनं. एक झाला की दुसरा. सुदाम म्हणाला, "अरं बास कर, फली दिसना झाली."

काशी रोज चहा घेऊन यायची, उभी राहायची, तिन्ही खोल्यांवरून नजर फिरवायची आणि किटली घेऊन परत जायची.

"कं झालं? आवडलं नाय?"

"चांगलंय," काशी म्हणायची. काशीचं 'चांगलंय' ज्यानं तीस वर्षं ऐकलंय, त्याला ते कळायला हवं होतं.

दसऱ्यानंतर सगळे आले. यशोधराच्या मंडळीनं आपल्या खोलीत पाऊल ठेवलं, एकेकानं रंगाचं कौतुक केलं, मागच्यानं दार लावलं. त्याच क्षणी आकाशला, त्यांच्या नाटकातल्या नायकाला, प्लायवूडच्या भुशानं शिंक आली. एकच. पण काय शिंक! पुढच्या क्षणाला दहा माणसं एका दारातून बाहेर पडायला बघत होती आणि दार आत उघडणारं होतं.

"भुसा आहे! नुसता भुसा आहे!" आकाश आतून ओरडत होता. "आईशपथ, ताप नाही मला!"

तिकडे भावना आणि तिच्या तिघी जणी अड्डा घेऊन टेम्पोतून उतरल्या. अड्डा चांगला पुरुषभर लांबीचा, दीड पुरुषच म्हणा. दार साधं. त्यांनी तो आडवा घालून बघितला, उभा घालून बघितला, तिरपा घातला तेव्हा तो कडीत अडकला आणि आत-बाहेर दोन्ही बंद झालं. "हरीभाई," भावना घाम पुसत म्हणाली, "रूम मस्त आहे. पण आम्ही आत, अड्डा बाहेर, असं कसं काम करायचं?"

आणि तिसऱ्या खोलीत कमलेशनं बेंजोची तार छेडली. प्लायवूडची सगळी खोली ढोलकीसारखी घुमली. तिन्ही खोल्या थरथरल्या. आकाशला दुसरी शिंक आली.

सगळी भली माणसं. कुणी वाईट बोललं नाही. भावनानं अड्डा टेम्पोत चढवला आणि "बघू, दिवाळीनंतर" म्हणाली. नाटकवाले रोज संध्याकाळी यायचे, पण खोलीत जायचे नाहीत. गिरणीबाहेरच्या चिंचेखाली तालीम करायचे. हरिचंद्र रोज दारं उघडून ठेवायचा, उदबत्ती लावायचा, आणि उंबऱ्यावर बसून आपल्या पिस्ता रंगाच्या रिकाम्या खोल्यांकडे पाठ करून चिंचेखालचं नाटक बघायचा.

मग परतीच्या पावसाची एक सर आली. मंडळी धावत गिरणीत शिरली. खोल्यांत कुणी गेलं नाही. खोल्यांच्या मधल्या बोळात सगळी एकमेकांना चिकटून उभी राहिली. ज्या गर्दीला ती भीत होती तीच गर्दी, त्याच्या पक्क्या बांधकामानं केलेली. रुमाल पुन्हा नाकावर चढले. पाऊस थांबल्यावर यशोधरा त्याच्याजवळ आली.

"दादा, रागावू नका. कल्याणला एकाची गच्ची मिळतेय. लांब पडेल, पण..."

"खोली आवडली नाय कं?"

"खोली चांगली आहे, दादा. आम्हांला सध्या खोलीचीच भीती वाटते."

त्या संध्याकाळी हरिचंद्र जेवायला बसला आणि भात चिवडत राहिला. काशी समोर बसली. तिनं ताटाकडे बघितलं आणि शेवटी तोंड उघडलं.

"एक इचारू? लोकाच्या पोरीचं लगीन असतं तवा तू आधी कं करतस?"

"कं म्हंजे? अंगन बगतू."

"आनि?"

"इचारतू. वारा कुठून येतंय, बाया कुठं बसनार, म्हातारी मानसं किती, चूल कुठं..."

"हयां कोनाला इचारलंस?"

हरिचंद्रानं घास परत ताटात ठेवला.

"लोकांचं असतं तवा धा येला इचारतस," काशी म्हणाली. "हे तू सोतासाठी बांधलंस. त्यांच्यासाठी नाय बांधलंस. म्हनून ती चिंचेखाली बसतात." मग तिनं त्याच्या ताटात माशाचा तुकडा वाढला, कारण खरं बोलल्यावर नवऱ्याला उपाशी ठेवू नये हे तिला ठाऊक होतं.

सकाळी हरिचंद्र पक्कड घेऊन गिरणीत गेला. खिळे उपटायला लागला तेव्हा त्याला कळलं की बाप खिळ्यांच्या विरुद्ध का होता. गाठ एका ओढीत सुटते. खिळा फळी फाडून येतो. आवाज ऐकून सुदाम धावत आला.

"जल्ला मेला! माझं पक्कं काम! येडा झालास?"

"तू बांधलेलं चांगलंच हाय. मी सांगितलेलं चुकलं. धर हे टोक."

दुपारपर्यंत भुई मोकळी झाली. दोघं घाम पुसत आडवे झाले आणि हरिचंद्राची नजर वर गेली. गिरणीच्या माथ्यावरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक लोखंडी दांडा गेला होता. त्याच्यावर लहानमोठी चाकं. इंजिन चालू असताना त्या चाकांवरून पट्टे फिरायचे आणि खाली भात भरडला जायचा. लहानपणापासून त्यानं ती चाकं पाहिली होती. पण त्यांच्यावरून दोर जाऊ शकतो हे त्याला त्या दिवशी, उताणं पडल्यावर दिसलं.

त्यानं दांडा दोन्ही टोकांना जाम केला, चाकं सैल केली, तेल दिलं. मग मात्र एकही बांबू न हलवता तो विचारायला निघाला.

भावनाच्या खोलीत तो अर्धा दिवस नुसता बसला. बायका कशा बसतात, उजेड कुठून घेतात, पाय अवघडले की कुठं पसरतात. "काय बघता, हरीभाई? टाके शिकायचेत का?" बायका हसल्या. भावनानं सांगितलं, "उजेड डाव्या बाजूनं. हवा पाहिजे, पर धागा उडायला नको. आणि दोघींमध्ये हातभर जागा."

कमलेश म्हणाला, "काका, आमचा आवाज भायेर नको जायाला, पन आमचा श्वास भायेर गेला पायजे. बंद खोलीत बायको नाय सोडत मना."

यशोधराला तो तिच्या ऑफिसबाहेर भेटला. इतक्या वर्षांत नाटकवाल्यांना असं कुणी विचारलं नव्हतं. "दादा, भिंत नको. पण पाठीमागं काहीतरी हवं, नाहीतर उघड्यावर बोलल्यासारखं वाटतं. आणि कुणी रडायचा प्रवेश बसवत असेल ना, तर बाकीच्यांना तो दिसू नये. नवा नट फार लाजतो हो रडायला."

"रडायला कोपरा," हरिचंद्र म्हणाला. "घेतला ध्यानात."

मग त्यानं मांडव घातला. जन्मातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सोपा. पूर्व-पश्चिमेच्या भिंतींचे वरचे पत्रे उतरवून तिथं बांबूची जाळी बसवली, वारा आरपार जाऊ लागला. कनाती दांड्यावरच्या चाकांतून दोरांवर टांगल्या. एक दोर सोडला की कनात खाली येऊन भिंत व्हायची. ओढून बापाच्या गाठीनं बांधला की वर जाऊन छताला लागायची. जरीकामाला डावीकडून उजेड येईल अशी एक कनात आखूड, खालून हवा खेळेल अशी. अड्ड्याला बांबूच्या घोड्या, त्या दोघींनी उचलून कुठंही न्याव्यात. बेंजोच्या कोपऱ्याला बाहेरच्या बाजूनं भाताच्या तुसानं भरलेल्या पोत्यांची भिंत, डोक्यावरचे पत्रे काढून आभाळाकडे उघडी. आवाज पोत्यांत मुरायचा, श्वास वर जायचा. भुईवर चुन्याच्या फक्कीनं ठिपके, पंगतीला पाट मांडतात तसे, हातभर अंतर राखून. आणि मागं एक छोटी, जाड कापडाची खोपटी. तिला सगळे 'रडायचा कोपरा' म्हणू लागले.

नियम एकच. शेवटी जाईल त्यानं सगळे दोर ओढून कनाती वर न्यायच्या, भुई मोकळी ठेवायची. सकाळी पहिला येईल त्यानं आपल्याला हवी तशी जागा सोडून घ्यायची. चार माणसं आली तर चौघांपुरती, चाळीस आली तर चाळिसांपुरती. एकदा भावनाच्या बायका कमी आल्या तर नाटकवाल्यांनी त्यांची कनात वर घेऊन दरबार मांडला, आणि भावना टाके घालता घालता त्या दरबारातली राणी कशी नेसेल ते सांगू लागली. राणीचा शेला तिनंच भरला. कमलेशनं तिसऱ्या अंकाला बेंजो दिला, तोही इतका हळू, की त्याच्या बापानंही ओळखला नसता. रुमाल एकेक करून गळ्यात उतरले. कुणी उतरवा म्हटलं नव्हतं.

असं सगळं छान चाललं असताना लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी, दाढी करता करता, हरिचंद्राला ध्यानात आलं की आपण केवढा गाढवपणा केलाय.

"काशी! आज लक्ष्मीपूजन!"

"मग? रांगोली काडली मी."

"अगं, आज कोन येल कामाला? सनाच्या दिवशी! दादानं मुद्दामच सांगितला हा दिवस की कं? आनि मी हां म्हनून आलू!"

त्यानं साबण लागल्या तोंडानंच कमलेशकडे धाव घेतली. कमलेशच्या सासुरवाडीचे पाहुणे आले होते. त्याची सुटका नव्हती. भावनाचा फोन लागेना. यशोधराला फोन करायला हात उचलेना. सणाच्या दिवशी एखाद्याला घरातून उठवून आण, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मांडववाल्यानं दुसऱ्याचा सण मोडायचा नसतो.

उन्हं कलल्यावर रामभाऊ आला. धुतलेलं धोतर, हातात तेलाची वाटी आणि पणती. दोघे भाऊ गिरणीत शिरले. आदल्या दिवशी शेवटी गेलेल्यानं नियम पाळला होता. सगळ्या कनाती वर, भुई लखलखीत मोकळी. एक माणूस नाही, एक खुर्ची नाही. कोपऱ्यात बापाचं काळं इंजिन तेवढं.

रामभाऊनं इंजिनापुढं पणती ठेवली, हळद-कुंकू वाहिलं, हात जोडले. मग वळून सगळीकडे बघितलं.

"कुठं हायत तुझी मानसं?"

हरिचंद्रानं माथ्यावर गुंडाळलेल्या कनातींकडे बघितलं.

"मी तुला आधीच सांगितलेलं, हऱ्या." रामभाऊच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "तीन खोल्या तरी बांधलेल्यास. त्या पन मोडल्यास. हयां तर कायच नाय."

बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. मग दुसरी. मग हसणं, पावलं, आणि आकाशचा मोठा आवाज, "चला चला, आज कुणालाच घाई नाही!"

यशोधरा दारात आली, मागं सगळी मंडळी, हातात डबे.

"हरिदादा! तुम्ही इथं? सणाचं घर सोडून?"

"तुमी... आज... दिवाली..."

"आम्ही सगळे बौद्ध ना, दादा. कुणाच्याच घरी लक्ष्मीपूजन नसतं. ऑफिसला सुट्टी मात्र सगळ्यांना. अशी तालीम वर्षातून एकदाच मिळते!" तिनं रामभाऊला बघितलं. "हे कोण?"

"माझं थोरलं भाव."

"नमस्कार दादा. जरा बाजूला होता? तुम्ही दरबारात उभे आहात."

रामभाऊ बाजूला झाला. "आता तुम्ही तुरुंगात," आकाश म्हणाला. तो आणखी सरकला, तो थेट रडायच्या कोपऱ्याला टेकला. शेवटी यशोधरानं त्याच्या हातात एक दोर दिला. "एवढा धरून ठेवा. मी 'महाराज!' म्हणून ओरडले की सोडायचा. त्याआधी नाही."

दोर सुटू लागले. एकेक कनात माथ्यावरून उतरली आणि मोकळ्या भुईवर बघता बघता दालनं उभी राहिली. जाळीतून तिरपी उन्हं आली. तालीम सुरू झाली. रामभाऊ दोर घट्ट धरून, ओठ आवळून उभा. पहिल्या खेपेला तो आधीच सोडून बसला आणि कनात महाराजांच्या, म्हणजे आकाशच्या, डोक्यावर आली. सगळे हसले, रामभाऊ ओशाळला, आणि स्वतःहून म्हणाला, "परत घ्या. ह्या टायमाला बरोबर सोडतू." दुसऱ्या खेपेला त्यानं असा सोडला, की कनात नुसती उतरली नाही, श्वास सोडावा तशी उतरली. यशोधरानं टाळ्या वाजवल्या. धर्मराज भोईराचा मुलगाच होता तो. दोर हातात आल्यावर हात विसरत नाहीत.

मध्येच भावना आली, दोघी जणींना आणि एका लेहेंग्याला घेऊन. "फोन लागत नव्हता हरीभाई, काय काम होतं? आमची पूजा रात्री आहे, तोपर्यंत हा घेर संपवते."

अंधार पडता पडता मंडळी डबे उघडून बसली, चुन्याच्या ठिपक्यांवर, पण ठिपके कुणी मोजत नव्हतं. काशी घरून करंज्या घेऊन आली. रामभाऊनं एक करंजी तोंडात टाकली, हातातला दोर अजून सोडला नव्हता.

"उंद्या पन येनार कं ही?"

"रोज येतात, दादा."

"हां." त्यानं बापाच्या इंजिनापुढच्या पणतीकडे बघितलं. तेल संपत आलं होतं. त्यानं वाकून वाटीतलं उरलेलं ओतलं. "बिल्डरला सांगतू दुसरी जागा बग. रोज लागंल कोनतरी हा दोर धरायला. तुमच्या त्या आकाशला नाय जमत."

हरिचंद्र कोपऱ्यात गेला. रडायच्या कोपऱ्यात. तिथं कुणी बघत नाही, हे त्यानंच तर बांधून ठेवलं होतं. काशीनं पाहिलं, आणि तिनं कनात जरा नीट ओढून घेतली.

डिसेंबरात नाटक झालं. बक्षीस कुठलंच मिळालं नाही. परीक्षकांना महाराज फार शिंकतात असं वाटलं. मंडळीनं दुसरं नाटक घेतलं.

त्यानंतर एकदा स्कूटरवरून गिरणीपुढून जाताना सुदामनं ब्रेक मारला. सकाळची वेळ, आत अजून कुणी आलं नव्हतं. दारातून मोकळी भुई दिसत होती.

"दाखव मग," सुदाम म्हणाला. "तुझं पक्कं काम कुठंय?"

"हे बग."

"मना तर कायच दिसत नाय."

"थांब जरा," हरिचंद्र म्हणाला, स्कूटरवरून उतरून आत गेला, आणि दोराच्या गाठीचं टोक हातात घेऊन एकदा ओढलं.